गवत वाऱ्यावर वाळवा, उन्हात नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : महूजवळ पाच एकर शेती, त्यातला दीड एकर मुरमाड उतार, तिथे दरवर्षी कमरेएवढं गवत होतं. घरी दोन गाई आणि एक कालवड. मागच्या वर्षी दिवाळीनंतर गवत कापलं, घरामागे गंजी घातली, आणि जानेवारीत उघडली तर आत काळं, वर पांढरी भुकटी. गाईंनी वास घेऊन तोंड फिरवलं. गठ्ठे बांधणारं मशीन एवढ्याशा तुकड्यावर यायला तयार नाही. तर जुनी माणसं हाताने कसं करायची, आज तसं करण्यात अर्थ आहे का, आणि ते काळं गवत अजून पडून आहे त्याचं काय करायचं.

अर्थ आहे, नक्की आहे. आमचं शेत सिमरोलच्या पुढे, विंध्याच्या उतारावर. पणजोबा होळकरांच्या काळात इकडे आले तेव्हापासून दावणीला गाय नाही असं एक वर्ष गेलेलं नाही, आणि गेली अडतीस वर्षं आमचं गवत मी स्वतः कापतो, वाळवतो, रचतो. चुका पुष्कळ केल्या, त्यातली एक चांगलीच महागात पडली. तीही पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट मनात स्पष्ट हवी. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो : वाळकं गवत. एक गवत असतं जे उभ्या उभ्या पिकून, बी झाडून, जागेवरच मेलेलं असतं आणि नंतर कापलेलं असतं. दुसरं असतं जे हिरवं, फुलोऱ्यात असताना कापलेलं आणि मग वाळवलेलं असतं. पहिल्याचा रंग पिवळा-तांबूस, वास काही नाही. दुसरं पोपटी-राखाडी राहतं आणि मूठभर नाकाशी धरलं तर चहाच्या डब्यासारखा गोडसर वास येतो. पहिल्यात प्रथिनं 2 ते 3 टक्के, म्हणजे गव्हाच्या भुशाएवढीच. दुसऱ्यात 6 ते 8 टक्के. हा फरक साधा नाही. गाईच्या पोटात चारा पचवणारे जे सूक्ष्मजीव असतात त्यांना स्वतःला जगायला चाऱ्यात साधारण 7 टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की ते मंदावतात, चारा पोटात पडून राहतो, गाय खातच नाही, आणि आपण म्हणतो गाय खोडील आहे.

म्हणजे तुमची गंजी सडली नसती तरी गाईंच्या पोटात काडीच गेली असती. दिवाळीनंतर कापलेल्या गवताला कितीही जीव लावला तरी त्यातून गेलेलं परत येत नाही. तुमच्या दोन चुका वेगवेगळ्या आहेत : कापणी उशिरा झाली, आणि रचाई चुकली. कापणीचं आधी बोलू, कारण खरं काम तिथे आहे.

आपल्या माळव्यात उतारावरचं गवत भाद्रपदात फुलोऱ्यावर येतं. कापायची योग्य वेळ म्हणजे अर्ध्याअधिक काड्यांना तुरे आलेत पण बी अजून भरलेलं नाही अशी. तुरा बोटांत चोळला तर हिरवा ओलसर डाग पडला पाहिजे; कोरडे दाणे सुटले तर उशीर झाला. पंचांगाने सांगायचं तर पितृपंधरवडा ते घटस्थापना. अडचण अशी की याच दिवसांत उत्तरा आणि हस्ताचा पाऊस असतो. ‘पडेल हत्ती तर पाडेल भिंती’ हे ऐकत आपण सगळे मोठे झालो. म्हणून आपली बहुतेक माणसं पाऊस पूर्ण जाण्याची वाट बघतात, तोवर सोयाबीन काढणीला येतं, घरातले सगळे हात तिकडे जातात, आणि गवताची पाळी दिवाळीनंतर येते.

पूर्वी हा पेच इतका कडक नव्हता. सोयाबीन इकडे रुजलं ते 1970च्या दशकानंतर. त्याआधी माळव्याची पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घ्यायची रीत होती. भाद्रपदात माणसं मोकळी असायची. गावागावांत राखलेली बीडं, म्हणजे गवताची कुरणं, होती, जिथे पावसाळाभर एकही जनावर सोडत नसत. आजोबांच्या पिढीचं गवत चांगलं निघायचं त्याचं अर्धं कारण त्यांना तेव्हा वेळ होता हे आहे. आज सोयाबीन सोडा असं मी कोणाला म्हणणार नाही, माझ्याकडेही आहे. पण त्या दोन कामांच्या मधे पंधरा दिवसांची फट सापडते, ती वाया घालवू नका.

त्या फटीत कोरडे तीन दिवस कसे ओळखायचे? हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज मी रोज बघतोच, पण त्याच्या जोडीला वारा बघतो. पावसाळाभर आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा, अंगाला चिकटणारा. पाऊस परतायला लागला की तो वायव्येकडे वळतो. कपडे दोरीवर दुपारपर्यंत खडखडीत वाळतात, आभाळ धुतल्यासारखं निळं दिसतं, आणि पहाटे गवतावर पहिल्यांदा जाड दव दिसतं. दव पडायला लागलं म्हणजे रात्री आभाळ मोकळं आहे. हे तीनही जुळले की दुसऱ्या दिवशी विळा घेऊन उतरायचं.

आणि सगळं एकदम कापायचं नाही. हाताने काम करणाऱ्याचा मोठा फायदा इथेच आहे, मशीनवाल्याला तो मिळत नाही. मशीन आलं की पाच एकर एका दिवसात आडवं, आणि रात्री सर आली की पाचही एकर गेलं. आपण रोज एक पट्टा कापतो, दोन माणसांनी सकाळी तीन तासांत जेवढा होईल तेवढाच. सर आली तर एका दिवसाचं, फार तर दोन दिवसांचं गवत बिघडतं. दीड एकराला आम्ही नवरा-बायको आठ-नऊ सकाळी घेतो, आणि दहानंतर इतर कामांना मोकळे होतो.

कापण्याआधी एकदा पूर्ण उतार पायी फिरून या. दोन कारणं. एक म्हणजे काय काय उगवलंय ते कळतं. मारवेल आणि पवन्या ही आपली सोन्यासारखी गवतं. मारवेलच्या गाठींवर पांढरी लव, आणि तुरा बोटं पसरल्यासारखा. पवन्या उतारावर, मुरमात चांगला येतो. कुसळी मात्र वेगळी काढा. तिची कुसळं काळी पडून एकमेकांत पिळली गेली की गाईच्या जिभेत, हिरड्यांत घुसतात. तुरे यायच्या आत कापली तर तीही चालते, नाहीतर गंजी शाकारायला ठेवा. गाजरगवत आणि घाणेरी दिसली तर आधीच मुळासकट उपटून बाहेर. वाळल्यावर ती ओळखू येत नाहीत, आणि गाय निवडून बाजूला काढू शकत नाही.

दुसरं कारण पाखरांचं. तणमोर, ज्याला इकडे खरमोर म्हणतात, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर अशाच गवतात अंडी घालतो. त्याच्यासाठी धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला आणि रतलामजवळ सैलान्याला 1983 साली अभयारण्यं झाली, आणि तिथेही तो टिकून होता तो लोकांनी राखलेल्या बीडांमुळेच. तुमच्या दीड एकरात खरमोर येईलच असं नाही, पण तितर-लाव्यांची घरटी हमखास असतात. घरटं दिसलं तर भोवती चार हात गवत उभं सोडायचं. आमच्या घरी हा नियम आहे आणि त्याने आजवर गवत कमी पडलेलं नाही.

विळ्याबद्दल. दात्यांचा विळा पिकाला ठीक, गवताला सपाट पात्याचा, जरा जास्त वाकलेला विळा घ्या. आमच्याकडे अजूनही गाडुलिया लोहार गाडी घेऊन येतात, त्यांच्याकडून घेतलेला विळा बाजारातल्या तयार विळ्यापेक्षा धार जास्त धरतो. धारेचा दगड पाण्याच्या डब्यात कमरेला हवाच. दर वीस-पंचवीस मुठींनंतर दोन हात फिरवायचे. बोथट विळा गवत उपटतो, मुळाला माती येते, आणि तीच माती पुढे बुरशी घेऊन गंजीत जाते. सकाळी सातला, दव असतानाच सुरू करा. ओली काडी मऊ कापली जाते. जमिनीपासून चार बोटं उंची सोडा. अगदी मुळाशी खरवडलं तर बारमाही गवताचा फुटवा मरतो आणि तीन-चार वर्षांत तिथे नुसती कुसळी उरते.

आता वाळवणं. इथे बहुतेक जण मार खातात, कारण आपल्याला पापड-कुरडया वाळवायची सवय : टाकलं कडक उन्हात की झालं. गवताचं तसं नाही. कापलेलं गवत लगेच मरत नाही. त्यात 70-75 टक्के पाणी असतं आणि ते निम्म्याच्याही खाली, साधारण 40 टक्क्यांपर्यंत येईतो काडी श्वास घेत राहते, स्वतःतलीच साखर जाळते. म्हणून पहिला दिवस घाईचा. पण त्यानंतर तेच ऊन शत्रू होतं. पान वाळून चुरतं, काडी ओलीच राहते, हिरवा रंग उडतो आणि त्याबरोबर ज्यापासून गाय अ जीवनसत्त्व बनवते तो भागही उडतो. म्हणजे पहिले काही तास पसरून, आणि पुढचं सगळं ढिगात, सावलीत, वाऱ्यावर.

आमची रीत अशी. कापताना मूठ मागे पातळ ओळीत टाकत जायची. दहाच्या सुमारास दव उडालं की बेळक्याने, म्हणजे दुफाट्याच्या काठीने, ओळी झटकून, मोकळ्या करून पसरायच्या. एक वीतभर थर, त्याहून जाड नको. साधारण एक वाजता उलटायचं. चारला हात घालून बघायचा : वरचं गवत कुरकुरीत नको, पण दमट फडक्यासारखं लिबलिबीतही नको, पिळलं तर बोटांना ओल लागू नये. मग दाताळ्याने ओढून गुडघ्याएवढ्या ढिगल्या करायच्या, टोक वर, शेंडी बसवल्यासारखी. हे सूर्य मावळायच्या आत झालंच पाहिजे. दव रात्री पडतं आणि पसरलेल्या गवताच्या प्रत्येक पानावर पडतं. ढिगलीच्या फक्त वरच्या बोटभर थरावर पडतं. पसरलेलं ठेवून झोपलात तर दिवसभर घालवलेलं पाणी रात्रीत परत आलंच समजा.

दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर, साडेनऊ-दहाला, ढिगल्या उघडायच्या, पण पूर्ण पसरायच्या नाहीत. दोन ढिगल्यांची एक लांबट, सैल ओळ करायची, वारा ज्या बाजूने येतो त्याला आडवी. वारा त्यातून आरपार जातो, ऊन फक्त वरच्या थराला लागतं. दुपारी एकदा आतलं बाहेर. संध्याकाळी परत ढिगल्या, या वेळी जरा मोठ्या, कमरेएवढ्या. चांगला वायव्येचा वारा असेल तर तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळून होतं. वारा पडलेला असेल तर चौथा दिवस लागतो, आणि तो द्यावा.

वाळलं की नाही हे पानावरून बघू नका. पान नेहमी खोटं सांगतं. जाड काडी घ्या, तिच्या पेराची गाठ नखाने खरवडा. साल सुटून खाली ओल दिसली तर नाही झालं. मग मूठभर काड्या दोन्ही हातांनी धुणं पिळावं तशा पिळा. चार-पाच पिळांत काड्या कडकड तुटायला लागल्या तर झालं, नुसत्या वाकत राहिल्या तर नाही. शंका राहिलीच तर मिठाची परीक्षा करा. काचेची कोरडी बरणी, त्यात बारीक कापलेलं मूठभर गवत आणि दोन चमचे तव्यावर गरम करून गार केलेलं मीठ. झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर ओल 15 टक्क्यांच्या आत आहे. मिठाचे गोळे झाले किंवा काचेला चिकटलं तर आणखी एक दिवस. माझ्या सुनेने पहिल्याच वर्षी या बरणीवर मला खोटं पाडलं. मी हात लावून ‘झालं’ म्हटलं होतं, आणि मीठ गोळा झालं. त्या दिवशी बांधलं नाही, ते बरंच झालं.

पेंढी सकाळी बांधायची, उन्हात नाही. सकाळच्या हवेत पान जरा लवचीक असतं, झडत नाही. पण दव पूर्ण उडाल्यावर. तुमच्या मागच्या वर्षीच्या गंजीतला बराचसा काळेपणा दवातच बांधलेल्या पेंढ्यांचा असणार असं मला वाटतं. बंधाला दोरी नको, गवतच पुरे. लांब काड्यांच्या दोन छोट्या मुठी घ्यायच्या, त्यांचे तुरे एकमेकांवर आडवे ठेवून एकदा गुंडाळायचे, की दुप्पट लांबीचा बंध झाला. तो जमिनीवर ठेवून वर कवळाभर गवत, गुडघा दाबून दोन्ही टोकं ओढायची, तीन पीळ द्यायचे आणि पीळ बंधाखाली खोचायचा. गाठ मारायची नाही. आमची पेंढी दीडेक किलोची होते. बांधल्यावर लगेच गंजीत नेऊ नका. पाच-सहा पेंढ्या तुऱ्यांकडून एकमेकींना टेकवून, बुडं पसरून, तंबूसारख्या उभ्या करा आणि तशाच चार-पाच दिवस राहू द्या. गाठीतली शेवटची ओल तिथे जाते. हलकी सर आली तरी उभ्या पेंढीवरून पाणी ओघळून जातं.

आता रचाई. जागा उंचवट्यावर, गोठ्यापासून आणि चुलीपासून लांब, विजेच्या तारेखाली अजिबात नाही. खाली दगड, त्यावर तुराट्या किंवा बाभळीच्या फांद्या, मिळून हातभर उंची. तुमची गंजी थेट जमिनीवर होती असं तुम्हीच लिहिलंय. काळी माती खालून पाणी वर ओढते, खालचा हातभर थर तिथेच गेला. आकार गोल. 1,500 किलो गवताला, म्हणजे हजारेक पेंढ्यांना, साडेअकरा-बारा फूट रुंदीचं वर्तुळ पुरतं.

रचताना एकच गोष्ट डोक्यात ठेवायची : मध्य नेहमी कडेपेक्षा उंच. पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत. पेंढ्यांचे तुरे आत, बुडं बाहेर आणि किंचित खाली झुकलेली, म्हणजे कुठून पाणी शिरलंच तर काडीवरून बाहेर येईल. मध्य सपाट झाला किंवा खचला तर काडी उलटी झुकते आणि तीच पन्हाळ होऊन पाणी आत नेते. म्हणून एक माणूस वर मध्यभागी उभा, तो तुडवत आणि मध्य भरत राहतो. दुसरा खालून पेंढ्या देतो. खांद्याएवढ्या उंचीपर्यंत कड थोडी थोडी बाहेर काढत न्यायची, म्हणजे वरचं पाणी बुडाशी न पडता बाहेर पडतं. तिथून पुढे आत घेत टोक काढायचं. टोकावर कुसळी किंवा उशिरा कापलेलं जाड गवत, काड्या खाली करून, घराचं छप्पर शाकारतात तसं. त्यावरून दोऱ्या आडव्या टाकून टोकांना दगड. प्लास्टिक पूर्ण गुंडाळू नका. आतली वाफ प्लास्टिकखाली अडते, थेंब होऊन परत गवतावर पडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, येतो त्या वेळी फक्त टोकावर टाका, ऊन पडलं की काढा. तुमची पांढरी भुकटी ही बुरशी होती, आणि ती वरच्या थरात होती याचा अर्थ पाणी टोकातून शिरलं.

गवत थोडं कमी वाळलंय आणि आभाळ भरून आलंय अशी वेळ येतेच. तेव्हा दर थरावर जाड मीठ भुरभुरा, 1,000 किलोला पाच ते दहा किलो. बुरशी दबते, गाईही चवीने खातात. पण ओल्या गवताला मीठ हा इलाज नाही.

आता माझी चूक. मी पंचविशीत होतो, वडील आजारी होते, आणि पाऊस येणार म्हणून मी दुसऱ्याच दिवशी सगळं गवत गंजीत घातलं. पाऊस आलाच नाही. दहा-बारा दिवसांनी सकाळी गंजीच्या टोकातून वाफ निघताना दिसली. वाटलं थंडीची असेल. संध्याकाळी काकवी कढत असल्यासारखा वास घरापर्यंत आला. वडील खाटेवरून म्हणाले, सळई घाल. आठ फुटी सळई मध्यापर्यंत घातली, वीसेक मिनिटांनी ओढली, आणि मधला भाग हातात धरवेना. ओलं गवत कोंदलं की आधी त्यातल्या जिवाणूंनी आणि बुरशीने ऊब येते, 65-70 अंशांच्या पुढे गेलं की मग पदार्थच आपापसांत तापत जातो आणि एक दिवस पेट घेतो. हा धोका रचल्यापासून साधारण सहा आठवडे असतो. आम्ही आधी गाई लांब नेल्या, विहिरीवरून पाण्याचा पाईप आणून ठेवला, शेजारचे चौघे बोलावले आणि मगच बाजूने उघडायला घेतलं, कारण आतल्या निखाऱ्याला एकदम हवा मिळाली की भडका होतो. कोणी गंजीवर चढलं नाही. आतलं गवत तंबाखूसारखं तपकिरी, मध्यभागी कोळशासारखं. निम्मं वाचलं. त्या वर्षी उन्हाळ्यात भुसा विकत घ्यावा लागला आणि एक गाय दूध तोडून बसली. तेव्हापासून रचल्यावर पहिला दीड महिना दर दोन दिवसांनी सळई घालतो. हातात सहज धरवली तर ठीक. धरवली नाही तर त्याच दिवशी उघडायचं, उद्यावर नाही.

हिशेब. 100 किलो हिरव्या गवतातून 28-30 किलो वाळलेलं निघतं. तुमच्या दीड एकराचं वर्ष चांगलं असेल तर दीड ते दोन टन मिळावं. दोन गाईंना रोज पाच-पाच किलो आणि कालवडीला तीन धरले तर दीड टन चार महिन्यांच्या आतबाहेर पुरतं. वर्षभर पुरणार नाही, आणि पुरवायचा हट्टही करू नका. गव्हाचा सुकला, म्हणजे भुसा, आणि ज्वारीची कडबी आहेच. त्यांच्या जोडीला हे गवत द्या, आणि विणार असलेल्या किंवा नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या वाट्याला जास्त द्या. गंजी वरून उपसू नका. एका बाजूने, वरून खाली, भाकरीचा तुकडा तोडावा तशी उभी फाक काढत जा, म्हणजे टोकाचं छप्पर बाकीच्या गंजीवर शाबूत राहतं. कुट्टी करायची तर त्या दिवसापुरतीच. आणि नवं गवत एकदम सुरू न करता आठवडाभरात हळूहळू वाढवा.

बरसीम (हिरव्या चाऱ्याचं पीक) किंवा जई, म्हणजे ओट, यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विहिरीला पाणी असेल तर एक सांगतो. शिकायला जईसारखं पीक नाही. दाण्यात दूध भरलं असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापायची. तेव्हा आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की दोन दिवसांत वाळते, पावसाची भीती जवळपास नाही. बरसीम अवघड. त्याचं सगळं सत्त्व पानात, आणि पान काडीच्या कितीतरी आधी वाळून झडतं. ते जमिनीवर अर्धा दिवसच ठेवा, मग तीन बांबूंची तिवई करून तिच्यावर टांगा, आणि हात लावायचा तर सकाळी दव असतानाच. पण वाळलेल्या बरसीमने हिरव्यासारखी पोटफुगी होत नाही, आणि त्यातली प्रथिनं गवताच्या दुप्पट असतात.

ज्वारीबद्दल सावध राहा. पाण्याच्या ताणाने खुजी राहिलेली कोवळी ज्वारी हिरवी घातली तर विषबाधा होते. नीट वाळवल्यावर ते विष बरंच उडून जातं. मात्र युरिया जास्त पडलेल्या ज्वारीतलं नायट्रेट वाळवूनही जात नाही, तशी वैरण गाईला नकोच.

आता तुमचं काळं गवत. ते गाईला घालू नका, भुशात मिसळूनही नाही. बुरशीने गाभण गाय गर्भ टाकू शकते. झटकताना उडणारी भुकटी माणसाच्या छातीतही जाऊन बसते, म्हणून आधी पाणी मारून ओलं करा, तोंडाला फडकं बांधा आणि मगच हलवा. त्याचं खत करा, आणि त्यासाठी लांब जायला नको. आज आपल्या इंदूरमध्ये कृषी महाविद्यालय आहे तिथे 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ होते. होळकर दरबारने दिलेल्या त्या जमिनीवर त्यांनी जी खताची रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिला लागतं ते सगळं तुमच्या घरी आहे. वीतभर काळं गवत, त्यावर शेणकाला, त्यावर गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि थोडी राख, मग परत गवत. असे थर कमरेपर्यंत. पिळलेल्या फडक्याएवढी ओल कायम ठेवा आणि तीन महिन्यांत तीनदा वरखाली करा. आत्ता लावलंत तर पावसाआधी तयार होईल. गवत दरवर्षी कापून नेतो तेव्हा त्या मुरमातून आपण काहीतरी उचलतच असतो, म्हणून हे खत दुसऱ्या पिकाला न देता जूनमध्ये त्याच उतारावर टाका. दीड एकराला ते पुरणार नाही. वरच्या कडेला पसरा, पाऊस ते खाली नेईल.